पन्नास पैशांचा प्रश्न

पायथनमध्ये राउंड नावाचं फंक्शन आहे. त्याला १०१.५ दिले की १०२ मिळतात, पण १००.५ दिले की १००. बरोबर अर्धा आला की ते जवळच्या सम आकड्याकडे वळतं. लाखो रकमांची बेरीज करताना चूक एकाच बाजूला साचू नये, म्हणून ही रीत. आपल्या केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम १७० वेगळं सांगतं: पन्नास पैसे किंवा त्याहून जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा. १००.५० चे १०१.

‘कराची रक्कम जवळच्या रुपयात आण’ एवढंच एआयला सांगितलेलं असलं, की रिव्ह्यूला माझ्यासमोर बहुतेकदा राउंडची ती एक ओळ येते. दिसायला सुबक. सोबत त्यानेच लिहिलेल्या टेस्ट, १००.४० ची आणि १००.६० ची, दोन्ही पास. नेमक्या पन्नास पैशांची टेस्ट नसते. बिलिंगमध्ये मुरलेला माणूस हीच ओळ हाताने लिहिताना थबकतो: अर्ध्याचं काय करायचं? मग उठून अकाउंट्समध्ये विचारून येतो. आमच्या धंद्यातलं खरं काम त्या थबकण्यात आहे, आणि एआयमुळे सगळ्यात आधी तेच सुटतं.

तरीही मी एआय रोज वापरतो, आनंदाने वापरतो. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आला तेव्हा तो हातातलं फंक्शन पुरं करून द्यायचा. आता एआय सगळा प्रकल्प चाळून पाच-सहा फायलींत एकदम बदल करतं. दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला, एकही कॉमेंट नसलेला जुना कोड उलगडायला त्याच्यासारखा सोबती नाही. किचकट रेग्युलर एक्स्प्रेशन, कधी न वापरलेल्या लायब्ररीची पहिली ओळख, यांत जाणाऱ्या संध्याकाळी मला परत मिळाल्या. मराठी माध्यमातून आलेली नवी मुलं एरर मेसेजचा अर्थ त्याला मराठीत विचारतात, न लाजता, हवा तितक्या वेळा. हे मला फार मोलाचं वाटतं.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलं होतं, की प्रोग्राम म्हणजे नुसता मजकूर नव्हे. तो घडवताना माणसांच्या डोक्यात तयार होणारी समज हीच मुख्य. त्याने एका कंपायलरचं उदाहरण दिलं आहे. तो एका गटाने घडवला होता. दुसऱ्या गटाच्या हाती पूर्ण कोड होता, डॉक्युमेंटेशन होतं, तरी त्यांनी सुचवलेल्या ठिगळांमुळे मूळ रचनाच मोडत होती. एआयच्या कोडला तर मुळात पहिला गटच नसतो. रात्री दोनला प्रॉडक्शन बंद पडलं, तर ‘हे असं का केलं?’ हे विचारायचं कुणाला? एआय कारण सांगतं, पण ते त्या क्षणी जुळवलेलं असतं.

वेगाचा भासही मोठा. मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरांची त्यांच्याच प्रकल्पांवरची कामं पाहिली. एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला वाटत होतं की २० टक्के वाचला. साधनं सुधारतील, आकडे बदलतील. तो भास मात्र माझ्या ओळखीचा आहे.

काळजी आहे ती ज्युनिअरांची. थबकायची सवय लागायच्या आतच त्यांच्या हाती तयार उत्तर येतं. म्हणून आमच्या टीममध्ये कोड कुणीही लिहो, टेस्टमधले आकडे माणसाने ठरवायचे, आणि अपेक्षित उत्तरामागचा नियम टेस्टशेजारी लिहायचा. नियम सापडला नाही तर मर्ज नाही. यात वेळ जातो, डेडलाइनवरून बोलणी बसतात. तो वेळ मी भांडून घेतो.