माजघरातलं नेट

आमच्या घरातला कॉम्प्युटर कुणा एकाचा नाही. माजघरात, देवघर आणि लोखंडी कपाट यांच्या बेचक्यात तो बसलेला असतो. सकाळी आई कीर्तनं ऐकते, दुपारी वहिनी शिकवणीचे हिशेब लिहिते, संध्याकाळी ओमचा अभ्यास आणि सगळ्यांची निजानीज झाली की मी. खुर्चीची गादीसुद्धा चौघांच्या बैठकीला सरावली आहे.

सामाईक वस्तू चालते तेव्हा सगळ्यांची असते. बिघडली की जो शेवटी बसला होता त्याची. पडद्याच्या कोपऱ्यात वायफाय गेल्याची खूण दिसली, की माजघरात खटला उभा राहायचा. "ओम, तू काय दाबलंस?" "मी नाही काका, आजीनंच काहीतरी बंद केलं!" आई काही न बोलता माळ ओढत राहायची.

एका पावसाळी दुपारी मी टेबलाखाली शिरलो. कॅबिनेटच्या पाठीला चिंचोक्याएवढा वायफाय डोंगल. राउटर ओसरीवर, मध्ये दीड हात जाडीची दगडमातीची भिंत. ती ओलांडून दमलेली लहर कपाटाच्या लोखंडावर आपटायची आणि उरलंसुरलं तो डोंगल पत्र्याच्या डब्याआडून वेचायचा. त्यात शेजार वाईट. आमचं वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतं. मायक्रोवेव्ह तिथेच, २.४५च्या आसपास, रटरटतो. त्याच्या दारातून निसटतं ते आपल्याला जाणवतही नाही, पण वायफायची कुजबुज त्यात बुडून जाते. शिवाय डोंगलला खेटून, निळ्या खाचेत, वहिनीची हार्डडिस्क. यूएसबी ३.० काम करताना जो गोंगाट करतं, तोही याच पट्ट्यात सांडतो. म्हणजे वहिनी बॅकअप घेणार, ओम दूध गरम करायला ठेवणार आणि बोल लागणार आईला.

उपाय स्वस्तातला निघाला : मीटरभर यूएसबीची एक्स्टेन्शन वायर. डोंगल कॅबिनेटमागून सोडवला आणि कॅलेंडरच्या खिळ्याला, ओसरीच्या दाराकडे तोंड करून टांगला. हार्डडिस्क पुढच्या खाचेत गेली. एका दांडीवर रखडणारं नेट तीन दांड्यांवर आलं. राउटरच रुसला, तर फोन वायरनं जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं. मग वायफायचं तोंड बघावं लागत नाही. फक्त ज्याचा फोन असेल तो दर पाच मिनिटांनी "डेटा संपेल हं" म्हणत दारात येतो.

खरा इलाज म्हणजे भिंतीला भोक पाडून लॅनची वायर आणणं. पण भिंत आजोबांनी बांधलेली. तिथे ड्रिलचं नाव काढलं तरी आईचा चेहरा उतरतो. म्हणून डोंगल अजून खिळ्यालाच आहे, एकादशी आणि चतुर्थीच्या शेजारी.

मॉनिटरखाली आता एक चिठ्ठी चिकटवली आहे. अक्षर आईचं : 'नेट गेल्यास आधी ओव्हन बघावा. मग डिस्क. माणसाला शेवटी विचारावं.'