भुवया कोरण्याआधी

आम्ही तिघी बहिणी. माहेर चिपळूणकडचे, सासर तीन गावांत. एकीच्या घरी काही घडले की बाकीच्या दोघींनी मिळेल त्या एस.टी.ने निघायचे, हा आमचा जुना रिवाज. आमच्या थोरलीला, आपाला, स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले तेव्हाही तसेच झाले. पुढचे सात-आठ महिने घर, मुंबई आणि इस्पितळ यांतच गेले.

डोक्याचे केस गेले तेव्हा आपा फारशी रडली नाही. "ओढणी आहे ना," एवढेच म्हणाली. पण उपचार संपत आले तेव्हा भुवया आणि पापण्याही गळल्या. एके दिवशी फजरच्या वुजूसाठी उठलेली आपा आरशासमोर थबकली. "डोकं झाकता येतं ग, कपाळ कशानं झाकू? मी आजारी दिसत नाही, मी दुसरीच कुणीतरी दिसते." दोन महिन्यांवर तिच्या मुलीचा निकाह होता. मुलाकडच्या बायका येणार, फोटो निघणार. आम्हाला काय बोलावे सुचेना.

मग नात्यातल्या एकीने सुचवले, "परमनंट मेकअप करून घ्या. एकदा भुवया काढल्या की दोन वर्षं बघायला नको." आम्ही तिघी त्या पार्लरमध्ये गेलो. भिंतीवर आधीचे आणि नंतरचे फोटो लावलेले होते. तिथली मुलगी गोड बोलत होती. "आज बसलात तर आजच करून देते, १२ हजार." आपाच्या डोक्याला घट्ट रुमाल, चेहरा सुकलेला, हाताच्या शिरा सुयांनी काळ्या पडलेल्या. तरी तुम्हाला काही आजार आहे का, कोणती औषधे चालू आहेत, हे तिने विचारले नाही. "विचार करून सांगतो," म्हणून आम्ही उठलो.

परतताना रिक्षात आमची मधली गप्प होती. घरी आल्यावर तिने दार लावले, चेहरा धुतला आणि दिव्याखाली बसली. "नीट बघा. ह्या माझ्या भुवया नाहीत." दोन वर्षांपूर्वी तिने हेच करून घेतले होते. आम्ही दोघींनी त्या भुवयांची तारीफ केली होती आणि ती हसून विषय बदलायची. आता त्यांचा तपकिरी रंग उडून खाली लालसर झाक दिसत होती.

त्या रात्री मधलीने सगळे सांगितले. आपल्या भगिनींना हे कुणी सांगत नाही, म्हणून तिच्या परवानगीने इथे लिहितो आहोत.

नाव मेकअप असले तरी ही गोष्ट मेकअप नाही. बारीक सुया ओळीने बसवलेल्या पेनसारख्या हत्याराने कातडीला केसासारखे बारीक छेद देतात आणि त्यांत रंग भरतात. म्हणजे हे गोंदणेच आहे, फक्त त्यातला रंग हळूहळू विटतो. आधी बधिर करणारे मलम लावतात, तरी दुखते आणि थोडे रक्तही येते. बसून दोन तास जातात. पहिले काही दिवस भुवया इतक्या गडद दिसतात की बाहेर पडायची लाज वाटते. मग खपली धरते आणि गळते. खपलीबरोबर रंगही गेला असे वाटते, पण काही आठवड्यांनी तो पुन्हा उमटतो. दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्यांदा बसावे लागते. एवढे करून रंग टिकतो साधारण एक ते तीन वर्षे, आणि जाताना मूळ रंगातच जाईल असे नाही. कधी लालसर होतो, कधी निळसर राखाडी. लेसरने काढू म्हटले तर यातले काही रंग लेसरने उलट काळे पडतात.

मधलीला या कशाचेच दुःख नव्हते. तिचे दुःख वेगळे होते. पार्लरवालीने बजावले होते की दहा दिवस भुवयांना पाणी लागू द्यायचे नाही. वुजूत तर चेहरा धुवावाच लागतो. मसला विचारायची तिला लाज वाटली, कारण विचारले तर केलेले उघड झाले असते. "रंग जपला आणि दहा दिवसांची नमाज सोडली," ती म्हणाली. "नंतर कजा अदा केली. पण ते दहा दिवस आठवले की आरशात बघवत नाही." असे म्हणून ती आपाच्या मांडीवर डोके ठेवून रडली. आजारी आपाच तिला थोपटत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही आपाच्या डॉक्टरांना विचारले. त्यांनी आत्ता नको म्हणून स्पष्ट सांगितले. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, अशा वेळी कातडीला छेद म्हणजे जंतूंना वाट करून देणे. सुई एकदाच वापरण्याची नसेल तर काविळीचे विषाणू, एच.आय.व्ही. यांचाही धोका. पुढे एम.आर.आय. करायची वेळ आली तर असा रंग आहे हे आधी सांगावे लागते, कारण काही रंगांत लोहाचा अंश असतो आणि तिथे चटका बसू शकतो. आणि आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते हे, की उपचार संपल्यावर बहुतेक जणींच्या भुवया काही महिन्यांत परत येतात.

दीनचा प्रश्न उरला होता. गोंदणारी आणि गोंदवून घेणारी, दोघींवर लानत असल्याची हदीस आम्हाला ठाऊक होती. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या त्या रिवायतीत सौंदर्यासाठी अल्लाहने घडवलेल्या रूपात बदल करण्याचा उल्लेख आहे. पण आपाला सौंदर्य नको होते, गेलेले परत हवे होते. हे आम्ही ओळखीच्या वयस्कर मौलानांना पडद्याआडून विचारले. त्यांनी आधी हजरत अरफजा (रजि.) यांची गोष्ट सांगितली. लढाईत त्यांचे नाक कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषाला सोने मना असूनही. "ऐब दूर करणं आणि सजणं यात दीन फरक करतो," मौलाना म्हणाले. "पण गोंदण्याची मनाई फार सक्त आहे. जे दोन महिन्यांत पेन्सिलीनं भागेल आणि सहा महिन्यांत अल्लाह परत देईल, त्यासाठी ती वाट का धरायची? भुवया आल्याच नाहीत तर पुन्हा या, तेव्हा बोलू."

मधलीने हळूच स्वतःचे विचारले. मौलाना रागावले नाहीत. रंग कातडीच्या आत असतो, त्याने वुजूचे पाणी अडत नाही. मनापासून तौबा करावी, आणि काढताना इजा होण्याची भीती असेल तर काढण्याची सक्ती नाही, असे त्यांनी सांगितले. आमच्या कोकणात बहुतेक शाफई आहेत, इतरांनी आपापल्या आलिमांना जरूर विचारावे. एवढेच म्हणतो की विचारणे करण्याआधी झाले पाहिजे. आमच्या मधलीने दोन वर्षे जे ओझे वाहिले, ते एका प्रश्नाने टळले असते.

ज्या भगिनींचा विचार पक्का होत असेल त्यांनी निदान स्वतःला विचारावे, की काही गेले आहे म्हणून हवे आहे, की दुसरीच्या भुवया आवडल्या म्हणून? मधुमेह ताब्यात नसेल, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल किंवा जखमेचे वण फुगत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या खुर्चीत बसू नये. आणि जिथे तुमची तब्येत न विचारता "आजच बसा" म्हणतात, तिथून उठून यावे.

निकाहच्या दिवशी आपाच्या भुवया मधलीने पेन्सिलीने काढल्या. हात तिचाच स्थिर, आम्हा दोघींना जमेना. जुहरला आपाने त्या धुतल्या, वुजू केला, नमाज पढली आणि पुन्हा मधलीसमोर येऊन बसली. असरलाही तसेच. त्या मधल्या वेळात कुणीतरी फोटो काढला. आपा मुसल्ल्यावर बसलेली, कपाळ कोरे, शेजारी मेंदीच्या हातांची लेक. मुलाकडच्या बायकांत कुणी काही बोलले नाही. उलट नवऱ्या मुलाच्या आजीने आपाचे कपाळ चुंबले.

पाच महिन्यांनी आपाच्या भुवया आल्या. विरळ आणि निम्म्या पांढऱ्या. "अल्हम्दुलिल्लाह, म्हातारी झाले," म्हणून ती हसली. मधलीच्या भुवयांची लाली मात्र अजून गेलेली नाही. ती म्हणते, जाईल तेव्हा जाईल, आता लपवायचे काही उरले नाही.