हलगीसारखे पंख

लातूर, १६ ऑक्टोबर

चि. भाचीस,


जुनं, दुरुस्त केलेलं विमान स्वतः उडवायला मिळालं तर कसं वाटेल, असं तू नांदेडहून विचारलंस. मामानं आयुष्यात उडवला तो फक्त पतंग. तेव्हा ज्यांनी ते खरोखर केलं, त्यांचंच ऐक.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून ‘पस मॉथ’ विमानात एकटेच निघाले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले बैलगाडीतून! दुपारी विमान जुहूला उतरलं आणि पुढचं टपाल नेव्हिल व्हिन्सेंट मद्रासकडे घेऊन गेले.

बरोबर ५० वर्षांनी, १९८२ साली, तीच तारीख आणि तीच वाट. जेआरडींचं वय मात्र ७८. या खेपेला विमान होतं ‘लेपर्ड मॉथ’, ‘पस मॉथ’चं धाकटं भावंड. दोन्ही डी हॅविलँड कंपनीची.

‘लेपर्ड मॉथ’चं अंग प्लायवूडचं, पंख लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे. असं विमान पुन्हा उभं करायचं म्हणजे सुतार, शिंपी आणि मेकॅनिक एकाच छपराखाली हवेत. कापडावर ‘डोप’ नावाचा लेप चढवतात. वाळताना तो कापड आवळतो. नीट बसलं असेल तर टिचकी मारल्यावर पंख शेकलेल्या हलगीसारखा बोलतो.

सुरू करायला कुणीतरी पुढं उभं राहून पंखा हातानं फिरवायचा आणि इंजिननं धरलं की चटकन बाजूला व्हायचं. जमिनीवर शेपटी खाली, नाक वर. समोरचं दिसत नाही, म्हणून धावपट्टीपर्यंत नागमोडी जायचं. उतरताना चाकांच्या दांड्यांवरची आवरणं आडवी वळवली की तीच वाऱ्याला अडतात आणि वेग मोडतो.

१९७८ साली सरकारनं जेआरडींना एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केलं होतं. चार वर्षांनी हा माणूस कापडी पंखांवर कराचीहून एकटा आला. तरुणांमधली उमेद ओसरत चालल्याची त्यांना खंत होती. त्यांच्यात थोडी ठिणगी पडावी म्हणून हा खटाटोप.

दिवाळीच्या सुट्टीत इकडं ये. कामट्या, आजोबांचं जुनं धोतर आणि खळ, एवढं घरात आहे. हातभर लांबीचा पंख करून पाहू. टिचकी तू मारायची.

तुझा,
मामा