माझी ‘पद्मिनी’

माझी पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, १९८६ची. तिला मी स्पोर्ट्स गाडी म्हटले की सहकारी प्राध्यापक हसतात. हसोत बापडे! शोलावरमच्या धावपट्टीवर एकेकाळी फियाट शर्यतीत धावत, हे त्यांना कुठले ठाऊक असायला?

रविवारी मी तिला वागळे इस्टेटमध्ये नेतो. औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत. बाजारात न मिळणारा भाग लेथवर घडवून देणारे हात इथे अजून आहेत. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले, तेव्हा आमचे मिस्त्री कुरकुरले नाहीत. ती फट सारखी कोण तपासत बसणार? पण पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

“सर, ड्रम लेथवर साफ करून देतो, नवे लायनर लावतो. गाडी मूळची राहू द्या.”

माझेही मन तिकडेच ओढत होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अपपाठ काढण्यासाठी, आपली ओवी घुसडण्यासाठी नव्हे, असे मी दरवर्षी वर्गात सांगतो. पण पोथीला घाट उतरावा लागत नाही! मुलीला नुकताच परवाना मिळाला आहे. आजीला भेटून नाशिकहून येताना ती हीच गाडी घेऊन कसारा उतरणार. आणि ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते.

“डिस्कच बसवा,” मी म्हणालो.

मिस्त्रींनी जुने ड्रम पुसले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि न बोलता डिकीत ठेवले.