वजनाचा हिशेब

विमान चालविणाऱ्या माणसाविषयी आपल्या मनात एक चित्र ठरून गेलेले असते. डोळ्यांवर काळा चष्मा, ओठांवर बेफिकीर हसू आणि ढगांवर बसून खालच्या जगाकडे किंचित तुच्छतेने पाहणे! माझा भाचा हवाई दलात वैमानिक झाला, तेव्हा अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीनेही त्याचे असेच चित्र रंगविले. शाळेसाठी तो आमच्याकडे राहिलेला. त्यामुळे गल्लीचा त्याच्यावर मावशी-आजीइतकाच हक्क.

२००८ साली तो ‘मिशनवर’ कांगोत गेला, तेव्हा मात्र या चित्राची जरा गडबड झाली. आमच्याकडे मिशन म्हणजे मिशनचा दवाखाना, नाहीतर मिशनची शाळा. शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलेही, “पोट्ट्यानं धरम तं नाई बदलला?” काकूंना हसण्याचे कारण नाही. ख्रिस्ती मिशनांचेही वैमानिक असतात. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत १९५१ पासून ते लहान विमानांतून औषधे आणि आजारी माणसे नेत आले आहेत. आमच्या भाच्याचे मिशन संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे होते. हेलिकॉप्टर एमआय-१७, पांढरे रंगविलेले. आत कधी जवान, कधी धान्याची पोती, कधी जखमी.

आईचा प्रश्न निराळाच. “थे लोक आपले कोन लागतेत रे?” तो म्हणे, “कोणी नाही, आजी.” आणि फोनवर दोघेही गप्प बसत. १९६१ साली आपल्या हवाई दलाची कॅनबेरा विमाने कांगोत गेली होती, असे मी शिक्षिकेच्या सवयीने मध्येच सांगून पाहिले. आईवर इतिहासाचा कधीच परिणाम झालेला नाही.

त्याचा मुक्काम गोमा गावी. किवू सरोवराचा काठ, समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे मीटर उंची आणि पाठीशी न्यिरागोंगो नावाचा जागता ज्वालामुखी. जानेवारी २००२ मध्ये त्याचा लाव्हा गावातून वाहत गेला आणि विमानतळाच्या धावपट्टीचा एक भागही त्याखाली गेला. “मावशी, इथली जमीन आपल्यासारखीच काळी,” असे त्याने कळविले, तेव्हा मला कोण आनंद झाला! आपल्या वऱ्हाडची कापसाची जमीनही कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्याच खडकातून झालेली. तीस वर्षे मुलांना हे फळ्यावर शिकविले; लाव्ह्याशेजारी राहायला गेलेला विद्यार्थी हाच पहिला.

त्याच्या आठवड्यात शौर्य फारसे नसे. दुपारी डोंगरांवर ढग दाटतात म्हणून उजाडताच उड्डाण. त्याआधी वजन. उंचावर हवा विरळ, पंख्याच्या हाताला हवा कमी लागते. मैदानात चोवीस जवान उचलणारे यंत्र तिथे तेवढे उचलीत नाही. तापलेली हवाही विरळच. आपल्या मे महिन्याच्या दुपारीसुद्धा काही वजन उतरवावे लागेल, असे तो म्हणे. इंधन जास्त घ्यावे तर माणसे कमी, माणसे जास्त घ्यावी तर परतीचे इंधन अपुरे. किराणा दुकानदारासारखा तो दिवसभर किलोंत बोले.

त्या वर्षीची दिवाळी आम्ही विसरणार नाही. रविवारी, २६ ऑक्टोबरला, रुमांगाबोची लष्करी छावणी बंडखोरांनी घेतली. सोमवारी शांतिसेनेच्या हल्ल्याच्या हेलिकॉप्टरांना किबुम्बाजवळ गोळीबार करावा लागला. मंगळवारी रुत्शुरू पडले; आमच्याकडे तेव्हा लक्ष्मीपूजन. हे सगळे मला नंतर नीट कळले. त्या दिवशी हाती होत्या त्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या चार ओळी, आणि न वाजणारा फोन. तिथले घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. म्हणून मी पणत्या लावताना मनाशी म्हणत होते, तिथे अजून दुपार आहे, अजून त्याचा दिवस संपलेला नाही. आईने चिवड्याला मीठ दोनदा घातले. कोणी काही बोलले नाही, सर्वांनी खाल्ला. बुधवारी बंडखोरांनी गोम्याच्या वेशीशी येऊन आपण होऊन शस्त्रसंधी जाहीर केली. भाऊबीजेला फोन आला. “मी बरा आहे, झोपतो,” एवढेच.

त्या आठवड्यातली एक गोष्ट त्याने परत आल्यावर, मागच्या अंगणात बसून सांगितली. डोंगरातल्या एका लहानशा मोकळ्या जागेवरून जखमी उचलायचे होते. जखमी चढले, वजनाची मर्यादा भरली. दाराशी एक बाई आली आणि कडेवरचे मूल तिने पुढे केले.

“किती असेल ते?” मी विचारले.

“बारा किलो.” त्याने तेव्हाच हिशेब केला होता.

“बारा किलोसुद्धा नाही?”

“मावशी, बारा किलोचं मूल एकटं कसं आणणार? मुलाबरोबर त्याची आई. मागे आणखी किती उभे होते. आणि समोर डोंगर.”

त्याने मान हलवून नाही म्हटले आणि हेलिकॉप्टर उचलले. पुढच्या खेपेला त्या जागी कोणीच नव्हते. गावकरी जंगलात गेले असतील, असे त्याच्या सोबत्यांनी सांगितले. असतीलही. नेहमी तसेच जातात.

आई इतका वेळ वाती वळीत बसली होती. तिचा तो जुना प्रश्न आता येणार म्हणून मी धास्तावले. तिने विचारले, “पोरगी होती का पोरगा?”

“मुलगी.”

आईने वातींचे तबक बाजूला सारले आणि त्याला जेवायला चल म्हणाली.

पुढच्या श्रावणात तो रजेवर होता. शेवटच्या सोमवारी आमच्या राजराजेश्वराला गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी येते. रात्रभर अनवाणी चालत, खांद्यावर कावडी घेऊन मंडळे मोर्णा ओलांडून जुन्या शहरात शिरतात. एकेका मोठ्या कावडीला भरण्यांची रांगच्या रांग लटकलेली. गर्दीत आईला धरून तो उभा होता. त्याचे ओठ हलत होते. आईला वाटले, नातू नाव घेतो आहे. मी कान दिला: एका भरण्यात पाणी किती लिटर, भरणी किती, खाली खांदे किती.

“देवाचं पानी कोनी मोजते काय रे!” आई खेकसली.

“खांदे पुरतात, आजी,” तो म्हणाला. “अजून दोन भरणी बसतील.”