बयाना येईपर्यंत

मध्य प्रदेशातल्या लोधीखेड्यात ठिबकचं दुकान चालवायचं तर संत्र्याचं पंचांग पाठ लागतं. डिसेंबरात बागा ताणावर सोडतात, जानेवारीत ताण तोडून पाणी सुरू करतात आणि मग आंबिया बहार फुटतो. ज्याला जुन्या नळ्या बदलायच्या असतात तो ताण तुटायच्या आत येतो, नवी लागवड करणारा पावसाच्या तोंडावर. मधले महिने नुसतं बोलणं चालतं. ‘पाहू’, ‘दिवाळीनंतर’, ‘बागेचा सौदा होऊ द्या’. या बोलण्यातून कोण माल नेणार आणि कोण नाही, हे ओळखण्यात आमचा अर्धा धंदा आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा ही ओळख सासऱ्यांच्या डोक्यात होती. आम्ही त्यांना बाबूजी म्हणतो. कन्हान आणि जाम नद्यांच्या पट्ट्यातल्या कुठल्या गावात कुणाची किती झाडं, कुणाच्या विहिरीचं पाणी मार्चला तळाशी जातं, हे ते वही न उघडता सांगायचे. नवरा दिवसभर फिटिंगच्या माणसांबरोबर शेतात, काउंटरवर मी. बाबूजींचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यांचं दुकानात येणं थांबलं आणि फोनवरचा प्रत्येक ‘पाहू’ माझ्याकडे यायला लागला. तेव्हा सीआरएम घ्यायचं ठरलं, म्हणजे ग्राहक आणि होऊ घातलेले सौदे नोंदवायचं सॉफ्टवेअर. ही पद्धत मोठ्या कंपन्यांच्या विक्री खात्यांसाठी जन्माला आली. 1999 मध्ये निघालेल्या सेल्सफोर्सनं ती इंटरनेटवर आणली, 2005 मध्ये चेन्नईच्या झोहोनं आपलं सीआरएम काढलं. आता ती आमच्यासारख्या दुकानाच्या मोबाइलवरही चालते.

आत मांडणी साधी असते. नुसती चौकशी म्हणजे लीड. माणसाला खरंच घ्यायचंय असं दिसलं की तिचं डील होतं. प्रत्येक डीलला चार गोष्टी लागतात: रक्कम, पायरी, पैसे येण्याची अंदाजे तारीख आणि सौदा होण्याची शक्यता टक्क्यांत. 1,10,000 रुपयांचं कोटेशन आणि 50 टक्के शक्यता असेल तर सॉफ्टवेअर 55,000 धरतं. अर्धं ठिबक कुणी नेत नाही, हे खरंच. पण अशा बऱ्याच सौद्यांची बेरीज केली की हंगामात किती माल उचलावा लागेल याचा अंदाज येतो, आणि गोदामात किती पैसा अडकवायचा हे त्या अंदाजावर ठरतं. म्हणून टक्के खरे असायला हवेत.

तयार मिळालेल्या पायऱ्यांत ‘वाटाघाटी’ अशी एक पायरी होती, प्रस्तावाच्या नंतरची. आमच्याकडे भाव पहिल्या वाक्यालाच सुरू होतो. बाबूजी खाटेवर बसून माझ्या मोबाइलमध्ये पाहत म्हणाले, “सूनबाई, कोटेशन तर आपन देतो. त्यानं शेतकऱ्याचं मन कुठं कळते? त्यानं काय केलं ते लिही.” सगळी मांडणी मी त्या बोलण्यावर नव्यानं केली. शेतकऱ्यानं स्वतः काही केल्याशिवाय डील पुढे सरकवायचं नाही. शेत मोजताना तो सोबत उभा राहिला, ही एक पायरी. ठिबकचं डिझाइन झाडांच्या अंतरावर ठरतं. 6 बाय 6 मीटरवर लावलेल्या बागेत एकरी साधारण 110 झाडं बसतात. पण आमच्याकडच्या जुन्या बागांत गाळे पडलेले असतात, तेव्हा ओळीओळीनं चालावंच लागतं, आणि ज्याला घ्यायचं नसतं तो एवढं ऊन अंगावर घेत नाही. दुसरी पायरी कागदांची: जमिनीचे खसरा आणि बी-वन उतारे, आधार, पासबुक. तिसरी बयान्याची. कोटेशनची नोंद राहते, पण तिच्यानं टक्के वाढत नाहीत.

कागदांची पायरी इथं फार महत्त्वाची. ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेत लहान आणि सीमांत शेतकऱ्याला 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान असतं. पण जमीन अजून आजोबांच्या नावावर, वाटणी तोंडी, कसणारा तिसराच, हे घरोघरी. ज्याच्याशी आपण बोलतो त्याची सही चालत नाही. म्हणून मी दोन रकाने वाढवले: ‘जमीन कोणाच्या नावावर’ आणि ‘घरात शेवटचा शब्द कोणाचा’. माझ्या मते अख्ख्या सॉफ्टवेअरमधले हे सगळ्यात कामाचे रकाने आहेत.

रामाकोन्याकडचे एक काका होते. चार एकर जुनी बाग, सगळी मोजलेली. येता-जाता दुकानात टेकायचे, चहा घ्यायचे आणि उठताना म्हणायचे, “पक्कं समजा, वहिनी.” तारीख मात्र पुढे-पुढे सरकत होती. शेवटच्या शब्दाचा रकाना रिकामा होता, म्हणून मी त्यांच्या घरी फोन लावला. काकू बोलल्या. “बाग दादाजीच्या नावावर हाये, बाई. अन् दादाजी म्हणते, ठेकेदाराचा उरलेला पैसा हातात पडेपर्यंत नळीचं नाव काढाचं नाही.” आमच्याकडे बरेच लोक उभी बाग व्यापाऱ्याला ठेक्यानं देतात. थोडे पैसे आधी मिळतात, बाकीचे तोडा होत जाईल तसे. सगळा उलगडा झाला. काका खोटं बोलत नव्हते, त्यांना नळ्या हव्याच होत्या. मी टक्के खाली आणले, तारखेच्या जागी ‘ठेकेदाराची शेवटची गाडी भरल्यावर’ असं लिहिलं आणि मधल्या काळात काकांना एकही फोन केला नाही. दर आठवड्याला तगादा लावला असता तर ते दुकानासमोरून जायचे थांबले असते.

गाडी भरली. दोन दिवस जाऊ देऊन फोन केला. दादाजी स्वतः आले, खसऱ्याची नक्कल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. भावाचं काहीच विचारलं नाही. त्यांनी 16 एमएमच्या नळीचा तुकडा हातात घेतला, नखानं दाबून पाहिला आणि विचारलं, “उंदीर कातरते का हे?” कातरतात, मी म्हणाले. उन्हाळ्यात पाण्याच्या वासानं खारी आणि उंदीर नळीवर येतात, तेव्हा बांधावर त्यांच्यासाठी पाणी ठेवायचं आणि ओळीतलं गवत काढत राहायचं. त्यांनी मान हलवली आणि पाच हजार बयाना मोजला. तेव्हापासून ‘उंदरांचं विचारलं’ अशी नोंद दिसली की मी त्या डीलकडे जास्त लक्ष देते. ज्यानं मनातल्या मनात नळ्या शेतात अंथरल्या आहेत, तोच उंदरांची काळजी करतो.

नावांचा घोळ वेगळा. जमिनीचे कागद हिंदीत, घरात मराठी, मोबाइलवर इंग्रजी स्पेलिंग. एकाच माणसाची तीन नावं होतात आणि त्याच्या नावावर तीन सौदे चढतात, बेरीज फुगते. मी मोबाइल नंबर हीच ओळख धरली. त्यातच 5 ऑक्टोबर 2023 ला पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. जुन्या नोंदींत छिंदवाडा, नव्यांत पांढुर्णा, त्यामुळे एकच गाव दोन जिल्ह्यांत दिसू लागलं. ते सगळं मी बसून सारखं केलं.

ज्या कंपनीचं ठिबक आम्ही विकतो, तिच्या वरच्या माणसांना महिनाअखेरीचा आकडा हवा असतो. मी त्यांना महिना आणि बहार असे दोन्ही आकडे देते. महिन्याचा आकडा त्यांच्या कागदासाठी, बहाराचा खरा. बागेला महिनाअखेर कळत नाही.

न झालेले सौदे मी पुसत नाही. पूर्वी अशा माणसाचं नाव वहीत काट मारून संपायचं. आता कारण लिहिल्याशिवाय डील बंदच करता येत नाही, असं मी सॉफ्टवेअरमध्ये बांधून घेतलं आहे. कारणं ठरावीक निघतात: सावनेर किंवा काटोलहून माल आणला, कापसाचा भाव पडला, घरात लग्न निघालं, वाटणीचा वाद, विहिरीला पाणी नाही. सावनेरला गेलेल्यांना फिल्टरची जाळी आणि जोडाचं सामान पुढे लागतंच, ते इथूनच जातं. लग्नवाल्यांना वर्षभर सोडायचं. वादवाल्यांच्या घरात आपण पडायचं नाही.

यंदा पाऊस चांगला झाला, विहिरी वरपर्यंत भरल्या. ‘पाणी नाही’ म्हणून बंद केलेल्यांची यादी मी काल वेगळी काढली. बाबूजी आता काठी घेऊन दुकानात येतात. त्यांनी यादी गाववार लावून दिली आणि दोन नावांपुढे फोन करू नको म्हणून खूण केली. त्या दोघांकडे ते स्वतः जाणार आहेत. उरलेल्यांना बागा ताणावर जायच्या आत फोन करायचे आहेत, आणि पहिला प्रश्न विहिरीचा विचारायचा आहे, नळीचा नाही.