दगडफूल आणि मांटा

कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी! दगडफूल आणि मांटा यांची तुलना करायला बसले, तर आधी हेच मनात आलं. एक म्हणजे गोड्या मसाल्यातला चिमूटभर करडा पापुद्रा. दुसरा म्हणजे आपल्या कोकणातल्या पाकटाचा थोरला भाऊबंद, पंख पसरले की ७ मीटरपर्यंत रुंद भरणारा मासा. तरी गेले काही दिवस ही जोडी डोक्यातून जात नाहीये.

दगडफूल ना दगड, ना फूल. (शिवाय ते झाडाच्या सालीवरही वाढतं.) ते आहे लायकेन, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. शेवाळ उन्हात स्वयंपाक करतं, बुरशी घर आणि ओलावा सांभाळते. मुळं नाहीतच, जे मिळेल ते हवापावसातून घ्यायचं आणि जागचं हलायचं नाही. मांटाचं बरोब्बर उलट. कल्ल्यांतून पाणी वाहतं राहावं म्हणून त्याला सतत पोहावं लागतं. एवढा अगडबंब, पण डंख मारत नाही, पाण्यातले बारीक जीव गाळून पोट भरतो.

मग सारखं काय? तर घाई नसणं. दगडफूल वर्षभरात जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. मांटाची मादी साधारण वर्षभर पोटात वाढवून बहुधा एकच पिल्लू देते आणि पुढचं व्हायला काही वर्षं जाऊ शकतात.

शेवटही सारखाच... वाळवून, वजनावर विक्री! दगडफूल शेतात पिकत नाही, रानातून खरवडून आणतात. मांटाचे कल्ले चिनी औषधांसाठी वाळवतात. २०१३ साली साइट्स करारात त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध ठरले, तरी २०२० साली निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत तो 'संकटग्रस्त' झालाच.

मला खटकतं ते हे, की आपण किंमत ग्रॅममध्ये मोजतो, वर्षांमध्ये नाही. पन्नास ग्रॅमच्या पुडीत किती पावसाळे असतील? मांटा माझ्या ताटात कधी येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हळहळणं सोपं आहे. दगडफूल मात्र माझ्याच डब्यात आहे.

असो. यंदाच्या मसाल्याच्या यादीत दगडफूल निम्मंच लिहिलंय. आईला अजून सांगितलेलं नाही. तिनं हे वाचलं तर कळेलच म्हणा :)